शिकाऱ्याचं वस्त्र कुठल्या रंगाचं?

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' नाही. काळ्याला कारा म्हणतात, पिवळ्याला पिवरा, निळ्याला निरा. डोळा म्हणजे डोरा, फळ म्हणजे फर. 'ण'चा 'न' होतो आणि 'श'चा 'स'. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर वर्षानुवर्षं काम केलं, म्हणून आज आपण तिला नियमानं चालणारी बोली म्हणतो. मी चिखल्याला शिकवायला लागले तेव्हा तिला सरळ 'अशुद्ध' म्हणायची पद्धत होती.

पुण्या-मुंबईच्या भाचरांसाठी सांगते. चिखला म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं मॅंगनीजच्या खाणीचं गाव. मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. खाण जमिनीखालची. जवळच डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे, तिथला माल टॉर्चच्या सेलमध्ये जातो. १९६२ पासून हा कारभार 'मॉइल'कडे आहे, त्याआधी इंग्रज कंपनीकडे होता. वर्गात एका बाकावर झाडीबोली बोलणारा, दुसऱ्यावर पोवारी, तिसऱ्यावर गोंडी, आणि खाणीवर बाहेरून आलेल्यांची मुलं हिंदी नाहीतर छत्तीसगढी. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच, पुण्याहून छापून आलेलं. बालभारती १९६७ साली स्थापन झाली. पुस्तकं चांगली होती, त्यातली चित्रंही चांगली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण अशी होती की वाचन तपासायचं कसं? मुलाला उभं करायचं आणि धडा वाचायला लावायचा, ही रीत. काही मुलं घडाघडा वाचायची. पण 'गाय कुठं बांधली होती?' असं विचारलं की तोंडाकडे बघत राहायची. त्यांना अक्षरं येत होती, वाक्य येत नव्हतं. याउलट एखादा पोरगा 'कारी गाय' असं वाचायचा. त्याला गाय समजलेली असायची, गोठा समजलेला असायचा, पण 'ळ' नाही म्हणून मार्क कापले जायचे. म्हणजे ज्याला कळलं नाही तो पास आणि ज्याला कळलं तो नापास! एकदा नापास झालेला पोरगा दुसऱ्यांदा झाला की शाळा सुटायची. मग ढोरं राखणं, नाहीतर विटाभट्टी. चौथीनंतर हजेरीपटावरची किती नावं अशी गळायची, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

रंग इथे उपयोगी पडला. उतारा द्यायचा, त्यात गाय तांबडी, वासरू पांढरं आणि वासराच्या कपाळावर काळा टिकला, एवढंच. खाली रेघांचं चित्र. वाचा आणि रंगवा. तोंडानं कारा म्हणा नाहीतर काळा म्हणा, कपाळावर टिकला बरोबर आला की मला कळायचं, याला वाक्य समजलं आहे. आणि घडाघडा वाचणारा गाईलाच काळी करून आणायचा, तेव्हा तेही कळायचं.

रंगपेटी कुणाकडे नव्हती. घर सारवायचा गेरू, हळद, कपड्यांची निळ, चुलीवरची काजळी आणि चुना, यावर आमचं भागायचं. फाल्गुनात पळस फुलला की फुलं उकळून केशरी रंग. काळ्याची तर चिखल्याला ददातच नाही. खाणीतला दगड फरशीवर ओढला की रेघ काळी उठते. (फ्रान्समधल्या लास्को गुहेत सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची जनावरांची चित्रं आहेत. त्यातला काळा रंग मुख्यतः मॅंगनीजचाच आहे. हे मुलांना सांगितलं की बापाच्या हातावरची काळिमा त्यांना एकदम मोठी वाटायची.)

तर मुद्दा असा, की चित्र दाखवून वाक्य समजतं का ते तपासणं हा माझा शोध नव्हे. आपल्याकडे हे फार जुनं आहे, आणि त्याची सुरुवात पाहायला आम्हांला जिल्ह्याबाहेरही जावं लागत नाही.

भंडारा जिल्ह्यातच, वैनगंगेच्या काठी, पवनी आहे. तिथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडी उकरली आणि खालून इसवी सनापूर्वीच्या काळातला बौद्ध स्तूप निघाला. मी तेव्हा बी.ए.ला होते, त्या खोदकामाची चर्चा आमच्या कॉलेजातही होती. तिथल्या शिल्पांत एक मुचलिंद नाग आहे. पाच फण्यांचा नाग, शेजारी ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव कोरलेलं, आणि फण्याखाली... आसन. आसनावर कुणी नाही. गोष्ट अशी, की ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध बसले असताना सात दिवस पाऊस लागला आणि मुचलिंदानं त्यांच्यावर फणा धरला. पण त्या काळी बुद्धाची माणसाच्या रूपात मूर्ती करत नसत. रिकामं आसन, बोधिवृक्ष, चक्र, पावलं, एवढ्यावरून ओळखायचं.

मी हे चित्र फळ्यावर खडूनं काढायची आणि काही न सांगता विचारायची, काय दिसतं? साप. झाड. पाटासारखं काहीतरी. मग एखादा विचारायचा, "साप फना कोनावर धरून हाय, बाई?" मी म्हणायची, तूच सांग. एकदा एकानं सांगितलं, "बसनारा उठून गेला असन." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, "साप अजून तसाच हाय ना!" मोठमोठे पंडित 'सूचित अर्थ' म्हणतात तो हाच. चित्रात जे काढलेलं नाही ते जे काढलं आहे त्यावरून ओळखायचं. १९५६ नंतर आमच्या भागातल्या कितीतरी घरांत बुद्धाची गोष्ट आजीच्या तोंडी आली होती. त्या घरातली एखादी मुलगी मागच्या बाकावरून हळूच सांगायची, "तिथं भगवान हायेत." एरवी न बोलणारी मुलं त्या दिवशी बोलायची.

'कशावरून?' हा एकच प्रश्न मी शेवटपर्यंत वापरला. चित्रालाही तोच, उताऱ्यालाही तोच.

आता अजिंठ्याकडे येऊ. सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर एक मोठं चक्र रंगवलेलं आहे, भवचक्र. जन्ममरणाचा फेरा, त्याच्या आऱ्यांमधल्या घरांत माणसांचे निरनिराळे प्रसंग. आज त्याचा बराच भाग झडून गेला आहे. हे लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. हरिषेण वत्सगुल्मचा, म्हणजे आपल्या वाशिमचा, तेव्हा विदर्भानं अभिमान बाळगायला हरकत नाही. असं चक्र विहाराच्या दारातच का काढायचं, याचा खुलासा 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून ते दारात काढा, असं बुद्धांनी सांगितलं. पण लोक येऊन विचारू लागले, हे काय आहे? म्हणून चित्र समजावून सांगायला एक भिक्षू नेमायचं ठरलं. मग नेहमीप्रमाणे कुणालाही नेमलं गेलं! ज्यांना स्वतःलाच समजत नव्हतं ते दुसऱ्याला काय सांगणार? तेव्हा आज्ञा झाली, की सांगण्याची पात्रता असलेलाच भिक्षू नेमावा. प्रशिक्षणाच्या वर्गात बसून जांभया देताना मला ही गोष्ट हमखास आठवायची. शिक्षक नेमणुकीचा प्रश्न किती जुना आहे बघा.

यातली खरी गोष्ट अशी, की नुसतं चित्र भिंतीवर लावून भागत नाही हे त्या लोकांना कळलं होतं. चित्राशेजारी विचारणारा आणि सांगणारा लागतो.

अजिंठ्याची जी गोष्ट मी सर्वांत जास्त वापरली ती षड्दंत हत्तीची. ती दहाव्या लेण्यात आहे, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या लेण्यात, आणि पुन्हा सतराव्यातही आहे. सहा सुळ्यांचा पांढरा हत्ती, कळपाचा राजा. त्याला दोन हत्तिणी. धाकटीला वाटलं, हा थोरलीवरच जास्त माया करतो. मनात डूख धरून ती मेली आणि पुढच्या जन्मी काशीची राणी झाली. मागचं सगळं तिच्या लक्षात होतं. आजारी असल्याचं निमित्त करून तिनं त्याच हत्तीचे सुळे मागितले. शिकारी निघाला. त्यानं खड्डा खणून त्यात दबा धरला आणि अंगावर भिक्षूचं काषाय वस्त्र घेतलं. हत्ती वरून जाताच विषारी बाण मारला. हत्तीनं त्याला पकडलं, चिरडणार तोच त्याला ते वस्त्र दिसलं. ज्यानं हे वस्त्र पांघरलं आहे त्याला मारायचं नाही, म्हणून त्यानं सोंड आवरली. एवढंच नव्हे, तर सुळे कापायला स्वतःच मदत केली. सुळे राणीपुढे आले. ते पाहून तिचं काळीज फाटलं आणि ती गेली. दहाव्या लेण्यात ती मूर्च्छित होते तो प्रसंग आहे. दोन हजार वर्षं होऊन गेली, रंग विटले, तरी राणीला सावरणाऱ्या माणसांची गडबड अजून ओळखू येते.

या गोष्टीत रंग म्हणजे सजावट नाही, सगळी गोष्टच रंगावर उभी आहे. शिकाऱ्याचं वस्त्र काषाय नसेल तर हत्ती त्याला चिरडेल आणि गोष्ट तिथेच संपेल. म्हणून मी उताऱ्यात ते वाक्य फार ठळक न करता मधेच कुठेतरी ठेवायची. खाली चित्र, खड्डा, शिकारी, हत्ती. ज्यानं उतारा वाचला तो हळद आणि गेरू कालवून वस्त्राला भगवट रंग द्यायचा. ज्यानं वाचला नाही तो शिकारी म्हणजे जंगलातला माणूस असं धरून हिरवा द्यायचा, नाहीतर फॉरेस्ट गार्डसारखा खाकी! मग दोघांना समोरासमोर बसवायचं. हिरवावाला विचारायचा, भगवा कायले? दुसऱ्याला उत्तर देण्यासाठी पुस्तकातलं वाक्य बोटानं दाखवावं लागायचं. पहिला ते वाक्य वाचायचा. आमचं वाचन सुरू व्हायचं ते तिथून.

आणि हत्ती? हत्ती पांढरा. म्हणजे कोऱ्या कागदावर त्याला रंगच द्यायचा नाही. हे मुलांना फार जड जायचं. हातात रंग असताना चित्रातली सर्वांत मोठी जागा तशीच सोडायची म्हणजे काय! हत्ती काळा, हे तर सगळ्यांना ठाऊकच. जो पोरगा हात आवरायचा त्यानं 'पांढरा' हा शब्द नुसता उच्चारला नव्हता, त्यावर विश्वास ठेवला होता. वर्गाच्या पन्नास पानांत किती हत्ती कोरे राहिले ते मोजलं, की त्या आठवड्यात वर्गाला किती समजलं याचा मला अंदाज यायचा. याहून सोपी परीक्षा मला तरी माहीत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांची आणखी एक गंमत. भिंतीवर प्रसंग डावीकडून उजवीकडे ओळीनं येत नाहीत. डिटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकानं दाखवलं आहे, की चित्रकार पुष्कळदा जागेप्रमाणे मांडणी करतात. राजवाड्यातले सगळे प्रसंग एकीकडे, मग ते सुरुवातीचे असोत की शेवटचे, आणि जंगलातले दुसरीकडे. पाहणाऱ्यानं मनात क्रम लावायचा. आमच्या प्रश्नपत्रिकेत 'घटनांचा योग्य क्रम लावा' असा प्रश्न असायचा, तो सोडवायला मी मुलांना आधी राजवाडा आणि जंगल असे दोन गठ्ठे करायला लावायची. मग पहिलं कोणतं, नंतरचं कोणतं, यावर भांडणं. भांडणाशिवाय क्रम लागत नाही, हा माझा अनुभव.

मधली शतकं मी भरभर ओलांडते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. ती परंपरा कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं टिकवली. कागदावरच्या चित्रांची चवड, तिला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीनं कथा गायची. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याच घराण्यातली वाटावीत अशी 'पैठण चित्रं' पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहता येतात. कोणी पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर बघा, आणि एका चित्रापुढे निदान दहा मिनिटं थांबा. (नातवंडं दोन मिनिटांत पुढे पळतात, हे मला माहीत आहे.)

पोथीचा आणि आमच्या पुस्तकाचा फरक बघा. पोथीत शब्द लिहिलेले नाहीत, ते सांगणाऱ्याच्या तोंडी आहेत. चित्र दिसल्याशिवाय शब्द नाहीत आणि शब्दांशिवाय चित्राला अर्थ नाही. दोन्हींची ताटातूट पुढे शाळेत झाली.

१८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं. तिथल्या जॉन ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी अजिंठ्याला नेऊन चित्रांच्या नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षं तिथे राहून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा नकलाही १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. काय दैव म्हणावं! पण मला त्या मुलांचा विचार येतो. अंधारात, दिव्याच्या उजेडात, वटवाघळांच्या वासात बसून त्यांनी एकेक रेघ उतरवली. कागदावर रेघ उतरवायची तर हे बोट इकडेच का वळलं आहे, ही बाई कुणाकडे बघते आहे, हे विचारावंच लागतं. नक्कल म्हणून आपण नाक मुरडतो, पण इतक्या बारकाईनं त्या भिंती अनेक शतकांत कुणी वाचल्या नसतील. १८१९ साली तिथे पोचलेल्या जॉन स्मिथनं तर दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव नि तारीख कोरून ठेवली.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं 'चित्ररामायण' १९१६ साली निघालं. स्वतः राजानं चित्रं काढायची आणि प्रजेला पुस्तक द्यायचं, हे आजही नवलाचं वाटतं. अजिंठ्यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं, १९३२ साली. सूर्यनमस्कारांमुळे ते सगळ्यांच्या लक्षात राहिले, चित्रांसाठी मात्र थोड्यांच्या.

शाळेत मात्र चित्रकला एका खोलीत आणि भाषा दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील. स्मरणचित्र, संकल्पचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन... परीक्षा चांगल्याच, त्यांनी खेड्यापाड्यांत रंगपेटी पोचवली. पण त्या तासाला कुणी वाचायचं नाही आणि मराठीच्या तासाला कुणी रंगवायचं नाही. 'चित्रवाचन' हा शब्द पहिलीच्या पुस्तकात असायचा आणि अक्षरं यायला लागली की चित्रं गुंडाळून ठेवायची, जणू ती पांगुळगाडा होती.

एकदा एक साहेब तपासणीला आले. तिसरीची मुलं गेरूनं हात माखून बसलेली. मराठीच्या तासाला हे काय, म्हणून माझ्यावर उखडले. शेरेबुकात तसा शेराही मारला. मी वाद घातला नाही, एका मुलीला पुढे बोलावलं. शिकाऱ्याचं वस्त्र भगवं का, ते साहेबांनी तिला विचारावं, एवढीच विनंती केली. तिनं सांगितलं. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. शेरा काही खोडला नाही, पण चहा थंड होईपर्यंत ते तिथेच उभे होते.

रंगभरणाला विरोध करणारे शहाणे लोकही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पुष्कळ अंशी पटतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात बजावलं होतं, की मोठ्यांनी आखून दिलेल्या चित्रात रंग भरून मुलाचं स्वतःचं चित्र मरतं. बाजारातली रंगभरणाची पुस्तकं बघितली की ते खरं वाटतं. फुगा, मोटार, फुलपाखरू, कोपऱ्यात नमुना, तसंच करा. त्यात वाचायला काहीच नाही. उलट १६५८ साली कोमेनियस यांनी मुलांसाठी पहिलं गाजलेलं सचित्र पाठ्यपुस्तक काढलं, तेव्हा मुलांना ती चित्रं हातानं काढून बघू द्या असं प्रस्तावनेतच सांगितलं होतं. माझा स्वतःचा नियम साधा होता. रंग कोणता द्यायचा हे वाक्यात असेल तरच आखलेलं चित्र द्यायचं. वाक्यात नसेल तर कोरा कागद द्यायचा आणि मुलाला त्याच्या मनातलं काढू द्यायचं. दोन्हींची सरमिसळ केली की एकाचाही उपयोग होत नाही.

आता २०२१ पासून 'निपुण भारत' आलं आहे. तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. 'समजून' हा शब्द सरकारी कागदावर आला याचा मला आनंद आहे. हल्ली मोबाइलवर हवं ते चित्र क्षणात मिळतं, छापून देता येतं. आम्ही स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइलची शाई हाताला फासून घ्यायचो, त्यापुढे ही चैनच आहे.

नवे शिक्षक विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं म्हणणं, षड्दंत हत्ती घ्या. उतारा दहा-बारा वाक्यांचा करा, मुलांच्या बोलीतले दोनचार शब्द त्यात खुशाल येऊ द्या. रंग पाचच ठेवा. शिकाऱ्याच्या वस्त्राचं वाक्य पहिल्या किंवा शेवटच्या ओळीत ठेवू नका. पानं वाटल्यावर वीस मिनिटं गप्प बसा, हे सर्वांत अवघड. आणि हत्ती कोरा ठेवायचा आहे, हे कुणालाही आधी सांगू नका.